स्वमग्नता : मुलगे अधिक का, मुली कमी का?

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी कुटुंबांस उपयुक्त असा एखादा विषय घेऊन लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्ही प्रथम मुलांच्या अभ्यासाच्या सवयींविषयी लिहावयाचे योजिले होते. तो विषय निरुपद्रवी होता. तसे लेख बहुतेक स्मरणिकांत असतात आणि ते वाचून कोणाचा अभ्यास वाढल्याचे निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. शिवाय मध्यंतरी आमच्याच वर्गात असे काही घडले की, वीस वर्षे शिकवून मुले आपल्याला ओळखता येतात, हा आमचा समज पार हादरला. तेव्हा तोच विषय येथे घेतला आहे. आमचे शिक्षण विज्ञान शाखेचे असले तरी आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. वाचकांनी हा लेख त्याच नात्याने वाचावा.

काही वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. घरी दखनी बोलणारे कुटुंब, वडिलांचा लहानसा धंदा. हा मुलगा हाक मारली तरी वळून पाहात नसे. डब्याचे झाकण फरशीवर भिंगरीसारखे फिरवीत तास-तास बसे. शाळेची घंटा वाजली की कानांवर हात दाबून वर्गाबाहेर धूम ठोकी. दोन आठवड्यांत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ठाऊक झाले की, हे मूल इतरांसारखे नाही. वडिलांना बोलावणे गेले, तपासणी झाली, स्वमग्नता असल्याचे निदान झाले आणि सहा वर्षे पुरी होण्याच्या आतच त्याच्यावर योग्य ती मेहनत सुरू झाली.

दुसरी एक मुलगी. तिचे आजोबा मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते त्या काळी, म्हणजे १९५६ पूर्वी, परभणीकडून येथे येऊन स्थायिक झालेले. मुलगी आमच्याकडे पाचवीपासून होती. कधी गैरहजर नाही, कधी तक्रार नाही, गृहपाठ वेळेवर. सलग तीन वर्षे तिच्या प्रगतिपुस्तकात आम्ही स्वतःच्या हाताने एकच शेरा लिहिला : ‘शांत, आज्ञाधारक, अक्षर वळणदार.’ पालकसभेस आई आली की म्हणे, ‘आमची पोर गुणाची आहे हो सर, कधी उलटून बोलत नाही.’ आमच्या एका सहकाऱ्यांचेही तेच मत. ते म्हणत, ‘सीधी बच्ची है साब, कुछ तकलीफ नै देती.’

सातवीच्या मध्यावर तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या वडिलांची बदली पुण्यास झाली आणि ती मैत्रीण शाळा सोडून गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत ही मुलगी शाळेत यावयाची बंद झाली. घरी एका खोलीत कपाटामागे बसून राहू लागली. आईने तिचे दप्तर आमच्याकडे आणले, त्यात एक वही निघाली. वहीत वर्गातील मुलींची नावे होती आणि प्रत्येकीपुढे ती काय बोलते, केव्हा हसते, तिला काय उत्तर द्यावयाचे, हे त्याच वळणदार अक्षरात टिपलेले होते. ‘सगळ्या हसल्या की मोजून तीन अंकांनी थांबावे,’ असेही एके ठिकाणी होते. गेलेल्या मैत्रिणीला तर अठ्ठावीस पाने दिलेली होती. ती वेणी कशी घालते, डबा कसा उघडते, नमस्कार करताना मान किती लववते, सर्व. आम्ही ती वही दोन वेळा वाचली. ज्याला आम्ही तीन वर्षे स्वभाव म्हणत होतो, तो रोज सहा तासांचा पाठ होता आणि ज्या मुलीकडून तो घेतलेला, तीच निघून गेली होती.

प्रथम ज्या डॉक्टरांकडे तिला नेले त्यांनी गुणपत्रिका पाहून, ‘एवढे चांगले गुण आहेत, मुलगी वयात येत आहे, होईल ठीक,’ असे सांगून परत पाठविले. पुढे आठ महिन्यांनी एका बालविकासतज्ज्ञ बाईंनी सविस्तर चौकशी करून निदान केले. तेच, त्या पहिलीतल्या मुलाचे. मुलाला सहाव्या वर्षाच्या आत जे कळले, ते या मुलीला तेराव्या वर्षी कळले.

हे असे का व्हावे, या एका प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जे वाचले ते पुढे देत आहोत.

स्वमग्नता, इंग्रजी शब्दाने ऑटिझम, हा जंतूंमुळे होणारा आजार नव्हे आणि वेडही नव्हे. गर्भात असल्यापासून मेंदूची जडणघडण निराळ्या तऱ्हेने होते. त्यामुळे माणसामाणसांतील न बोलता चालणारे व्यवहार, जसे की नजर, सूर, थट्टा, आडून सुचविलेला अर्थ, हे अशा व्यक्तीला आपोआप उमगत नाहीत. ठराविक गोष्टींत मन फार खोल गुंतते, ठरलेल्या क्रमात बदल झाला की त्रास होतो आणि आवाज, प्रकाश, कापडाचा स्पर्श अशा गोष्टी काहींना असह्य तर काहींना जाणवतही नाहीत. काहींना बोलता येत नाही, तर काही पदवीधर होतात. म्हणून तज्ज्ञ मंडळी तिला एकच अवस्था न म्हणता एक विस्तृत पट्टा समजतात.

हे नाव रूढ करणारा लेख अमेरिकेतील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनी १९४३ साली लिहिला. त्यात अकरा मुलांची हकीकत आहे : आठ मुलगे, तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चार मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, ते चारही मुलगे. ही प्रवृत्ती म्हणजे पुरुषी बुद्धीचेच टोकाचे रूप होय, असे त्यांनी त्यात सुचविले होते. या दोघांच्याही आधी मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी १९२६ साली सहा मुलग्यांचे जे वर्णन छापले ते आजच्या व्याख्येस पुष्कळ जुळते आणि विशेष हे की, त्यांनी लगेच मुलींविषयीही स्वतंत्र लेख लिहिला. तो बहुतेक जग विसरून गेले. लंडनच्या लॉर्ना विंग या डॉक्टर होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. मुलगे व मुली यांच्या प्रमाणावर १९८१ साली खास लेख लिहिणाऱ्या त्याच. घरातल्या मुलीमुळे त्यांची नजर तिकडे वळली असावी, असा आमचा तर्क आहे.

त्यानंतर जेथे जेथे मोजणी झाली, तेथे तेथे मुलगेच अधिक निघाले. पुस्तकांतून चारास एक हे प्रमाण छापले जाऊ लागले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही तेच सांगितले जाऊ लागले. परंतु २०१७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी जगभरच्या ५४ पाहण्या एकत्र करून तपासल्या. आधीच निदान झालेल्या मुलांची नुसती नोंद घेणाऱ्या पाहण्यांत मुलग्यांचे प्रमाण जास्त दिसले. याउलट, वस्तीतील सर्व मुलांना स्वतः जाऊन तपासणाऱ्या चांगल्या पाहण्यांत ते तिनास एकच्या जवळ उतरले. म्हणजे दारोदार जाऊन पाहिले की पूर्वी न सापडलेल्या मुली सापडतात. अमेरिकेच्या सरकारी मोजणीतही, २०२० सालच्या आकड्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या ३.८ पट होते, ते २०२२ च्या आकड्यांत ३.४ पट झाले. दोन वर्षांत मुलींच्या मेंदूत काही बदल झाला नाही. पाहणाऱ्यांच्या नजरेत झाला.

आपल्या देशातील परिस्थिती काय, असे वाचक विचारतील. दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची एक मोठी पाहणी पाच ठिकाणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. हिमाचलातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकानाल, उत्तर गोवा आणि शहरी भाग म्हणून निवडलेले आपले हैदराबाद, ही ती पाच ठिकाणे. मेंदूच्या वाढीशी संबंधित निरनिराळ्या अडचणींची मोजणी त्यात होती. त्यांपैकी स्वमग्नता शंभरात एखाद्या मुलात आढळली. हजार-बाराशे पटसंख्येच्या शाळेत अशी दहा-बारा मुले असावयास हवीत. आमच्या शाळेत त्या वेळी माहीत असलेली दोन होती, दोन्ही मुलगे.

आता निसर्गाने मुलगा-मुलगीत काही भेद ठेवला आहे की नाही? ठेवला आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आरंभीचे सहा-सात आठवडे गर्भाची ठेवण दोघांचीही सारखीच असते. मुलाच्या पेशीत वाय नावाचे जे आखूड गुणसूत्र असते त्यावरील एक जनुक त्या सुमारास जागे होते. हे जनुक १९९० साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. ते वृषण बनविण्याची आज्ञा देते. वृषणांतून आठव्या आठवड्याच्या आसपास टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पाझरू लागते आणि पुढील काही महिने, म्हणजे मेंदूची पायाभरणी चालू असतानाच, ते गर्भाच्या रक्तात फिरत असते.

जन्मानंतरही वाढीचा वेग दोघांचा सारखा नसतो. अमेरिकेत मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षे चुंबकीय छायाचित्रे घेऊन २००७ साली असे दाखविण्यात आले की, मेंदूचे एकूण आकारमान मुलींत सरासरीने साडेदहाव्या वर्षी, तर मुलग्यांत साडेचौदाव्या वर्षी कळसास पोहोचते. पाचवी-सहावीचा वर्ग शिकविणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे वाचून फारसे आश्चर्य वाटणार नाही! प्रौढ पुरुषाचा मेंदू स्त्रीच्या मेंदूपेक्षा सरासरीने दहाएक टक्के मोठा असतो. पण पुरुषाचे शरीरही मोठे असते आणि आकारावरून अक्कल ठरत नाही. तसे असते तर हत्तीने शाळा तपासावयास यावयास हरकत नव्हती. तेल अवीव येथील डाफ्ना जोएल या संशोधिकेने १,४०० हून अधिक मेंदूंची छायाचित्रे तपासून २०१५ साली दाखवून दिले की, पूर्ण ‘पुरुषी’ किंवा पूर्ण ‘बायकी’ मेंदू क्वचितच सापडतो. बहुतेकांच्या मेंदूत दोन्ही तऱ्हांचे तुकडे गोधडीसारखे एकत्र शिवलेले असतात. सरासरीतला भेद खरा असतो, पण एकट्या मुलाकडे पाहताना तो फारसा उपयोगी पडत नाही.

गर्भातील संप्रेरकाचा आणि स्वमग्नतेचा संबंध असावा, हे मत केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन यांनी २००२ सालापासून आग्रहाने मांडले. स्वमग्न मेंदू म्हणजे पुरुषी मेंदूचेच टोक, असे त्यांचे म्हणणे. अ‍ॅस्पर्गरांची जुनीच कल्पना नव्या वेषात. डेन्मार्कमध्ये साठवून ठेवलेले गर्भजल तपासले असता, पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलग्यांच्या गर्भजलात या जातीची संप्रेरके सरासरीने अधिक होती. पण त्यात टेस्टोस्टेरॉन एकटेच नव्हते, ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉलही होते, आणि २०२० साली त्याच मंडळींना स्त्री-संप्रेरकेही वाढलेली आढळली. तेव्हा ‘पुरुषीपणाचा अतिरेक’ ही सुटसुटीत कल्पना जशीच्या तशी टिकत नाही. आमच्या मते तिने एक नुकसानही केले. स्वमग्नता म्हणजे मुलग्यांची गोष्ट, हा समज तिने पक्का केला.

दुसरा एक शोध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. स्वमग्नतेशी संबंधित म्हणून जी जनुके आता ओळखली गेली आहेत, ती मुलग्याच्या मेंदूत जास्त आणि मुलीच्या मेंदूत कमी काम करीत असतील, अशी अटकळ होती. २०१६ साली अमेरिकेतील डोना वेर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची तपासणी करून दाखविले की, तसे काही नाही. ती जनुके दोघांत सारखीच चालतात. फरक दिसला तो भोवतालच्या पेशींच्या जनुकांत. मेंदूत संदेश नेणाऱ्या पेशींखेरीज त्यांची राखण, झाडलोट आणि छाटणी करणाऱ्या पेशी असतात. त्यांची जनुके पुरुषांच्या मेंदूत अधिक जोमाने चालतात आणि स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतही तीच चढलेली असतात. म्हणजे बी सारखेच, परंतु माळ्याच्या कात्रीत फरक, असे काहीसे हे आहे.

एक्स गुणसूत्र मुलीला दोन आणि मुलग्याला एकच असते. त्यामुळे त्या गुणसूत्रावरील एखाद्या जनुकात दोष असल्यास मुलीला दुसऱ्या प्रतीचा आधार मिळतो, मुलग्याला मिळत नाही. फ्रॅजाइल एक्स नावाचा विकार याच कारणाने मुलग्यांत अधिक तीव्र असतो. उलट, रेट विकार हा जवळजवळ मुलींतच दिसतो. त्याचे जनुक बैरूतमध्ये जन्मलेल्या हुदा झोग्बी या डॉक्टरबाईंच्या प्रयोगशाळेने १९९९ साली अमेरिकेत शोधले. पण या दोन्ही गोष्टी एकूण स्वमग्नतेचा लहानसाच भाग होत.

मोठ्या भागाविषयी जे स्पष्टीकरण आज पुढे येते ते आपल्या उस्मानसागराच्या बांधावर उभे राहून सहज समजेल. असे समजा की दोन तलाव शेजारी आहेत, पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, पण एकाचा बांध दुसऱ्यापेक्षा हातभर उंच आहे. बुटक्या बांधावरून पाणी लवकर वाहील. उंच बांधावरून ते वाहिले तर समजावे की, तेथे पाऊस फारच झाला. मुलीचा बांध उंच असावा, असे म्हणतात. २०१४ साली सेबास्तियां झाकमों व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा निदान झालेल्या मुलींच्या जनुकांत निदान झालेल्या मुलग्यांपेक्षा मोठे बिघाड अधिक आढळले. म्हणजे मुलीला त्या अवस्थेस नेण्यास अधिक ‘पाऊस’ लागतो. याला स्त्रीत्वाचे संरक्षण असे म्हणतात.

येथे मात्र वाचकांनी जरा थांबावे, कारण आम्हीही येथेच पुष्कळ दिवस अडलो होतो. मोजल्या गेलेल्या मुलींत मोठे बिघाड अधिक सापडले. पण मोजल्या गेलेल्या मुली कोणत्या? ज्यांची अडचण इतकी ठळक की ती नजरेआड करणे अशक्य होते, त्याच. आमच्या वर्गातील वहीवाली मुलगी त्या मोजणीत नव्हतीच. सौम्य अडचणीच्या मुली गणतीतून गळाल्या, तर उरलेल्यांत मोठे बिघाड जास्त दिसणारच! तेव्हा बांध खरोखरच उंच आहे की बांधावरचा पहारेकरी झोपलेला आहे, हे निव्वळ त्या आकड्यावरून ठरत नाही. दोन्ही खरे असावे, असे आज बहुतेक जाणकार मानतात. प्रत्येकाचा वाटा किती, हे ठरविण्याचे काम चालू आहे.

पहारेकऱ्याच्या झोपेविषयी एक पुरावा फार बोलका आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली असे दिसून आले की, स्वमग्नतेची लक्षणे सारख्याच प्रमाणात असलेल्या मुलगा व मुलगी यांच्यात मुलीचे निदान होते ते बहुधा तिला जोडीने बुद्धीची किंवा वर्तनाची ठळक अडचण असली तरच. मुलग्याला तशी जोड लागत नाही. पहिल्या लेखांत मुलगे अधिक होते, म्हणून लक्षणांच्या याद्या मुलग्यांवरून तयार झाल्या. त्या याद्यांनी शोधल्यावर मुलगेच अधिक सापडले, मग अभ्यासासाठीही मुलगेच घेतले गेले. आगगाडीची वेळापत्रके पाठ असणारा मुलगा कोणाच्याही लक्षात येतो. एकाच नटीचे सर्व चित्रपट सनावळीसह पाठ असणारी मुलगी चारचौघींसारखी वाटते. गुंतणे तितकेच असते, फक्त विषय सर्वसामान्य असतो.

आणि मुली झाकतात. संशोधक याला मुखवटा घालणे म्हणतात. २०१९ साली ते मोजण्याची एक प्रश्नावलीही लंडनच्या लॉरा हल यांनी प्रसिद्ध केली. इतरांचे हावभाव पाहून उतरविणे, बोलण्याआधी वाक्य मनात घोकणे, नजर भिडविणे जमत नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांमध्ये पाहणे, असे त्याचे प्रकार. मुलगेही हे करतात, परंतु मुलींत ते अधिक आढळते. आपल्याकडे तर मुलीच्या अंगी जे गुण बाणवावयाचे म्हणून आपण धडपडतो, म्हणजे कमी बोलणे, खाली पाहणे, मोठ्यांदा न हसणे, सांगितले तेवढेच करणे, ते सर्व या मुखवट्याला फारच सोयीचे पडतात. आमच्या समाजातही तेच आणि आमच्या मराठी शेजाऱ्यांतही तेच. लाजाळू म्हणून जिचे कौतुक होते तिची दमछाक कोणी पाहात नाही. आमच्या विद्यार्थिनीची आई पुढे सांगू लागली की, ती शाळेतून आली की तासभर न्हाणीघरात दार लावून बसे आणि कधी बिछान्याची चादर बदलली एवढ्यावरून किंचाळत असे. शाळेत असे करीत नाही म्हणून घरच्यांनी तो हट्टीपणा मानला. घरी काय होते हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही शांतपणा मानला. दोन्ही अर्धी चित्रे एकत्र ठेवण्याचा योग तीन वर्षांत आला नाही.

आई-वडिलांना, विशेषतः आईला दोष देण्याची रीत मात्र आता पूर्ण सोडावी. एके काळी पाश्चात्त्य विद्वानांनीही तो अपराध केला. मायेचा ओलावा नसलेल्या आईमुळे मूल असे होते, असे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून सांगितले, तेही बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच आपल्या पुस्तकात ही समजूत खोडून काढल्यावर. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. लशीमुळे हे होते असा जो बोभाटा १९९८ साली झाला, त्याचे मूळ असलेला लेख त्या मासिकाने २०१० साली मागे घेतला.

आपल्या शहरातील कुटुंबांस एक सोय हाताशी आहे. सिकंदराबादेस बोवेनपल्लीला मनोविकासनगर म्हणून जो भाग आहे, तेथे केंद्र शासनाची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. पूर्वी तिच्या नावात ‘मानसिक विकलांग’ असे शब्द होते, आता ‘बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण’ असे आहेत. भारतीय मुलांसाठी स्वमग्नतेची मोजपट्टी याच संस्थेने २००९ साली तयार केली आणि २०१६ साली शासनाने अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती ठरवून दिली. तिच्यात चाळीस बाबी आहेत. प्रत्येकीला, ती गोष्ट किती वेळा घडते हे पाहून, एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली आली तर स्वमग्नता नाही, सत्तर ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. गुण देणारा माणूस मुलाला पाहतो आणि पालकांना विचारतो. जे दिसत नाही आणि पालकांनाही सांगण्यासारखे वाटत नाही, त्याला गुण कोठून मिळणार? मुखवट्याची मुलगी नेलीत तर हे ध्यानात ठेवावे.

या प्रमाणपत्राला महत्त्व का, तेही सांगतो. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ते आहे. परीक्षेत वाढीव वेळ, राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची निरामय विमायोजना, अशा गोष्टी कागदावाचून मिळत नाहीत. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून कागद नको, असे म्हणणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. आमच्या या मुलीच्या घरीही एक महिना तोच वाद झाला. आजोबांनी तो मिटविला. ते म्हणाले, कागद पेटीत ठेवू, पण पोरीला तर कळू दे की तिचे काय होते ते.

मुलीला कळले तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, ‘म्हणजे बाकीच्यांना हे पाठ करावे लागत नाही?’

तपासणीला जाताना काय न्यावे, हे अनुभवावरून लिहितो. जुनी प्रगतिपुस्तके सर्व न्यावी, पण त्यातील शेऱ्यांवर विसंबू नये. ते लिहिणारे आमच्यासारखेच असतात. शाळेतून आल्यानंतरचा पहिला तास ती कसा घालविते, ते आठवडाभर रोज टिपून ठेवावे. खाणे, कपडे, आवाज यांचे तिचे नियम लिहावे. मैत्रिणी किती, यापेक्षा एखादी मैत्रीण नसेल त्या दिवशी ती काय करते, हे पाहावे. आणि घरात आजी असल्यास तिला सोबत न्यावे. आमच्या मुलीच्या बाबतीत निदानाला सर्वांत अधिक उपयोग आजीचाच झाला. आईला नोकरीमुळे ती पहिली वर्षे नीट आठवत नव्हती. आजी म्हणाली, दीड वर्षाची असताना ही बाहुलीला कधी जेवू घालीत नसे, बाहुल्या उंचीप्रमाणे भिंतीला लावून ठेवी आणि कोणी एक हलविली की पहिल्यापासून सगळ्या परत लावी. हे तिने घरात कैकदा हौसेने सांगितलेले होते. डॉक्टरबाईंनी ते पहिल्यांदाच लिहून घेतले.

मुलगी आता नववीत आहे. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसण्याची तिला परवानगी आहे आणि तिच्यासोबत कोणी बसावयाचे, ते तीच ठरविते. ती वही तिने आमच्याकडून परत मागून घेतली.